अंधारकाकांची लाल रेषा

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे एक अंधारी खोली होती आणि त्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी दहा मिनिटं काहीही न करता बसावं लागे. हा नियम विद्यापीठाचा नव्हता, प्राचार्यांचाही नव्हता. तो प्रयोगशाळेच्या परिचराचा होता. ते दार लावून घेत, खिडकीवरची वाकळ खिळ्यांना नीट अडकवत आणि म्हणत, "बसा आता. डोळा बसू द्या." मग आम्ही तिघी-चौघी स्टुलांवर एकमेकींना कोपरं ढोसत बसायचो. कुणाचा तरी मोबाईल हमखास उजळायचा आणि कोपऱ्यातून आवाज यायचा, "कोन व थे? बुजव. चला, आता पुन्हा दहा मिनिटं."

सगळं कॉलेज त्यांना अंधारकाका म्हणत असे. पहिल्याच वर्षी मी या नावाला हरकत घेतली. राबणाऱ्या माणसाला त्याच्या कामावरून टोपणनाव द्यायचं आणि त्याचं खरं नाव विसरायचं, ही सरंजामी वृत्ती आहे, असं मी त्यांना जाऊन सांगितलं. काका काचेची बशी पुसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुले घरी काय म्हणतात?"

"बाबा ठिणगी म्हणतात."

"मंग बरं हाय की. ठिणगी दिसाले अंधारच लागते." आणि त्या दिवसापासून मीही त्यांच्यासाठी ठिणगी झाले.

माझ्या भडक स्वभावाचं खापर बाबांवर फोडायला हवं. दिघोरीच्या आमच्या घरात पुस्तकं एका फळीवर मावायची. पत्रकांना मात्र पत्र्याची पेटी लागायची. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलत आणि सुटीच्या दिवशी सभा-मोर्च्यांची पत्रकं वाटत. उरलेली घरी आणत. मी अक्षरं त्या पत्रकांवर गिरवली. मला सगळ्यांत आधी वाचता आलेला शब्द 'जाहीर' हा होता आणि बरेच दिवस माझी अशी समजूत होती की कुठलंही वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपत नाही.

अंधारकाकांनी माझं जे पहिलं पत्रक वाचलं ते मुलींच्या बसबद्दलचं होतं. संध्याकाळची एसटी वेळेवर येत नाही, आम्ही मुली स्टँडवर ताटकळतो, असा मजकूर. काकांनी चष्मा चढवला आणि स्पेक्ट्रोमीटरच्या मोजपट्टीवर बोट ठेवून वाचावं तसं ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग म्हणाले, "लिवलं चांगलं. पन अकरा काठ्या काहून उभ्या केल्यास व?" मी मोजली. उद्गारचिन्हं अकराच होती.

त्यांचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं होतं. ते वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्या, मासे धरणाऱ्या घरातले. नोकरी लागण्याआधी त्यांनी स्वतःही जाळं टाकलं होतं. हे कळल्यावर मी पेटलेच. दोन दिवसांत विस्थापितांवर पत्रक लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात 'शेकडो घरं पाण्याखाली' असं होतं. काकांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"आमच्या मोहल्ल्यात एकवीस घरं होते," ते म्हणाले.

"काका, एकूण गावं धरली तर शेकडो होतात."

"तू माह्या मोहल्ल्याचं लिवून राहिलीस नं? मंग एकवीस लिव. कोनाचं घर कोनतं, मले आजबी सांगता येते. शेकडो लिवलं का थे एकवीस दिसत नाही." चष्मा काढत ते म्हणाले, "एकवीसबी लय होते, पोरी."

मी 'एकवीस' लिहिलं. ते पत्रक बाबांनी पेटीत ठेवताना दोनदा वाचल्याचं मला आठवतं.

आता हायड्रोजनबद्दल सांगायला हवं. त्या अंधाऱ्या खोलीत एक बारीक काचेची नळी होती. तिच्यात हायड्रोजन वायू भरलेला. वीज सोडली की नळी गुलाबी उजळायची. तो गुलाबी उजेड एका खास काचेतून पाहिला की त्याच्या सुट्या रेषा व्हायच्या: एक लाल, एक हिरवट निळी आणि डोळा चांगला बसला असेल तर एक जांभळी. या खास काचेला ग्रेटिंग म्हणतात. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक रेघा ओढलेल्या असतात. उजेड तिच्यातून किती अंशांनी वळला ते स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून मोजायचं, एका इंचात रेघा किती ते काचेच्या डबीवरच्या चिठ्ठीत बघायचं आणि गणित करून त्या रंगाची तरंगलांबी काढायची. लाल रेषेचं उत्तर सगळ्या जगाला ठाऊक आहे: सहाशे छप्पन्न नॅनोमीटर.

त्या नळीला काका जिवापाड जपत. अर्ध्या मिनिटाच्या वर तिला चालू ठेवू देत नसत. "बंद कर, थकली थे," असं म्हणत. रेषा पाहणाऱ्या मुलीच्या मागे उभे राहून विचारत, "दिसली का?" ती घाईनं "हो" म्हणाली की लगेच दुसरा प्रश्न, "कुठं?" खोटं बोलणारी तिथंच सापडायची, कारण काका दुर्बीण आधीच थोडी हलवून ठेवत.

पण खोटं त्या खोलीबाहेर चालायचं. आमच्याकडे 'हायड्रोजनची वही' होती. कुणा जुन्या सीनियरची, प्रयोगाची सगळी मापं आणि गणितं लिहिलेली. पूर्वी ती वही हातोहात फिरायची. आमच्या वेळी तिचे फोटो मोबाईलवर फिरत. वर्गातल्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये लाल रेषा सहाशे छप्पन्न दशांश तीन. उत्तर आधी ठरलेलं, त्यावरून उलटं गणित करून अंश लिहायचे. याला आम्ही 'रीडिंग बनवणे' म्हणायचो आणि हे चोरीचं काम आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. एकदा काकांनी जर्नलांचा गठ्ठा विभागप्रमुख सरांच्या टेबलावर नेताना चाळला आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तीस पोरं, साठ डोळे, अन् सगळ्याईले सारखंच दिसलं. बाप्पा!"

हे ऐकून माझ्यातली ठिणगी उडाली. तृतीय वर्षाचा हायड्रोजनचा प्रयोग मी वही न बघता केला. काकांनी सांगितल्याप्रमाणे डोळा बसू दिला, टेबल समतल केलं, रेषा डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. उत्तर आलं सहाशे सदुसष्ट. पुन्हा केला. सहाशे सदुसष्ट. तिसऱ्यांदा निळी रेषाही मोजली. ती चारशे शहाऐंशीच्या जागी चारशे चौऱ्याण्णव आली. मी तेच जर्नलमध्ये लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? नोटीस बोर्डावर पत्रकच लावलं: 'बनावट रीडिंगचा जाहीर निषेध! या वर्गात हायड्रोजनकडे खरोखर पाहणारी एकच विद्यार्थिनी आहे.' या वेळी उद्गारचिन्ह एकच होतं. तेवढी सुधारणा झाली होती.

वर्ग खवळला. माझी मैत्रीण वैशाली, जिच्याशेजारी मी तीन वर्षं एसटीत बसत होते, ती म्हणाली, "तुह्या क्रांतीच्या पायी आमचे मार्क जाऊन राहिले. अन् तुहं उत्तर तर चुकलंच हाय! आमचं निदान बरोबर तरी हाय."

मी तडक सरांकडे गेले. त्यांच्याकडे माझ्यासाठी वेळ कमी होता. विभागात तीन जागा रिकाम्या, तीन वर्गांचा भार त्यांच्या एकट्यावर. ते रागावले नाहीत, थकल्यासारखे बोलले. "अकरा नॅनोमीटरनं चुकलेल्या जर्नलवर मी सही कशी करू? शुक्रवारी माझ्यासमोर प्रयोग कर. सहाशे छप्पन्नच्या आसपास आणून दाखव. नाहीतर बाकीच्यांसारखं नीट लिहून आण, ते पत्रक काढ आणि वर्गाची माफी माग." जर्नलवर सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. घरातून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. बाबांनी मिलमध्ये सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

शुक्रवारला चार दिवस होते. पहिले दोन दिवस काका आणि मी दुपारभर त्या खोलीत होतो. काकांनी माझं प्रत्येक माप स्वतः पाहून घेतलं. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं, सूत्र त्यांना लिहिता येत नसे. पण प्रयोगशाळेच्या दाराशी उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं तोंडी परीक्षा ऐकल्या होत्या. "तुह्या अंशाचं माप बरोबर हाय," ते म्हणाले. "मलेबी तेवढंच दिसून राह्यलं." त्यांना सहाशे सदुसष्ट दिसत होतं, मलाही सहाशे सदुसष्टच. मग जगाचं सहाशे छप्पन्न कुठं गेलं होतं?

तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले. काकांनी दार उघडून उजेड आत घेतला आणि स्टुलावर बसले.

"लालले निळ्यानं भाग," ते म्हणाले.

"कशाला?"

"भाग त खरं. बाहेरून आलेले एक परीक्षक दरवेळी पोरांले इचारत. लाल सत्तावीस, त निळी वीस. हायड्रोजनचं थे बदलत नाही."

मी कागदावर मांडलं. हायड्रोजनच्या अणूचं सूत्रच तसं आहे. एक चतुर्थांशातून एक नवमांश वजा करून अपूर्णांक उलटा केला की लाल मिळते. एक चतुर्थांशातून एक षोडशांश वजा करून तसंच केलं की निळी. दोघींचं नातं नेमकं सत्तावीसाला वीस. भागाकार एक दशांश पस्तीस. मग मी माझी चुकलेली उत्तरं भागली. सहाशे सदुसष्टला चारशे चौऱ्याण्णवनं.

एक दशांश पस्तीस.

मी पुन्हा भागलं. तेच.

"म्हणजे दोन्ही रेषा एकाच पटीनं वाढल्यात," मी म्हणाले. "डोळा चुकला असता तर एक इकडे गेली असती, एक तिकडे."

"धान मोजताना पायलीच लहान-मोठी असली का सगळ्याईचं धान एकाच हिशोबानं चुकते," काका सावकाश म्हणाले. त्यांची नजर ग्रेटिंगच्या लाकडी डबीवर गेली होती. "पायली पाह्यली पाह्यजे."

त्यांनी पिवळ्या उजेडाचा सोडियमचा दिवा आणला. तो आमच्याकडे दुसऱ्याच प्रयोगाला, दुसऱ्या काचेबरोबर वापरत. या काचेसमोर तो कधी कुणी ठेवलाच नव्हता. सोडियमचं उत्तर पाचशे एकोणनव्वद यायला हवं. आलं पाचशे नव्याण्णव. तीच पट. आता शंकेला जागा नव्हती. उजेड खरा होता, अंश खरे होते. खोटी होती ती डबीवरची चिठ्ठी. तिच्यावर लिहिलं होतं: एका इंचात पंधरा हजार रेघा.

काका उठले आणि कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. ते काहीच फेकत नसत. फुटलेल्या बल्बची खोकी, दोऱ्या, काचेबरोबर येणारे छापील कागद, सगळं त्या डब्यात. त्यातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हाती दिला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: एका मिलीमीटरमध्ये सहाशे रेघा. मी गुणाकार केला. एका इंचात पंधरा हजार दोनशे चाळीस.

"पहिली काच फुटली होती," काका म्हणाले. "नऊ वर्सं झाले. ही नवी आली तवा मले वाटलं, दिसाले सारखीच हाय. जुन्या डबीची चिठ्ठी सोडवली अन् हिच्या डबीले डकवली. सरळ दिसावी म्हून पट्टीनं लावली होती."

मला एकदम सगळं दिसलं. नऊ वर्षं या खोलीत जो कुणी प्रामाणिकपणे मोजत होता त्याचं उत्तर चुकत होतं. चुकलं की सर म्हणत, नीट बघ. नीट बघूनही चुकलं की तो वहीकडे जायचा. आणि वहीतून सहाशे छप्पन्न येत असल्यामुळे चिठ्ठी चुकलीय हे नऊ वर्षांत कुणाला कळलं नाही.

काकांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते आजही मला टोचतं. मी म्हणाले, "काका, आपण सांगू की डबी तशीच आली होती. पाठवणाऱ्यांनीच चुकीची चिठ्ठी लावली. तुमचं नाव कशाला?"

काका माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, थोडी गंमत वाटल्यासारखे.

"काय व ठिणगे," ते म्हणाले, "तूबी रीडिंग बनवून राहिलीस का?"

मी पत्रकांच्या पेटीवर वाढलेली पोरगी. नोटीस बोर्डावर माझा जाहीर निषेध अजून फडफडत होता.

शुक्रवारी अर्धा वर्ग तमाशा बघायला आला. खोलीत मावेना, म्हणून दारात उभा राहिला. सर आले. मी बोलायला तोंड उघडणार तोच काका पुढे झाले. त्यांनी डबी आणि तो छापील कागद सरांच्या हातात दिला. "साहेब, या काचेवर मी चुकीची चिठ्ठी लावली. नऊ वर्सांपासून. पोरीचं माप बरोबर हाय. चूक माही हाय."

एवढंच. ना कारण, ना 'पण'. सर कागद वाचत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढून तिथंच हातावर गुणाकार केला, दोनदा केला. दारातून वैशालीचा आवाज आला, "म्हंजे हिचं बरोबर होतं?" आणि कुणीतरी हसलं.

सर स्टुलावर बसले. "नऊ वर्षं त्या जर्नलांवर सह्या मी केल्यात, काका," ते म्हणाले. "हिच्याआधी एकानंही जर्नलात सहाशे सदुसष्ट लिहून आणलं नाही. आणि मीही कधी स्वतः मोजलं नाही." ते माझ्याकडे वळले. "चल, कर सुरू."

"थांबा साहेब," काका म्हणाले. "डोळा बसू द्या."

आणि विभागप्रमुख, वैशाली, मी आणि आत कोंबलेल्या आणखी सात जणी दहा मिनिटं अंधारात गप्प बसलो. सरांचा मोबाईल उजळला तेव्हा कोपऱ्यातून आवाज आलाच, "बुजवा, साहेब. आता पुन्हा दहा मिनिटं." त्या अंधारात जेवढा हशा पिकला तेवढा तीन वर्षांत पिकला नव्हता.

रेघांच्या नव्या आकड्यानं माझी लाल रेषा त्या दिवशी सहाशे सत्तावन्न आली. मी सरांना म्हटलं, सहाशे छप्पन्न नाही. ते म्हणाले, "तू जे पाहिलंस ते लिही," आणि सही केली. पुढचा आठवडाभर सगळ्या वर्गाला प्रयोग नव्यानं करावा लागला. त्याबद्दल मला ज्या शिव्या पडल्या त्या मी आनंदानं खाल्ल्या. पत्रक मी स्वतःच काढलं. वर्गात हायड्रोजनकडे पाहणारी एकच विद्यार्थिनी आहे, हा मजकूर आता खरा राहिला नव्हता.

काकांनी डबीवर नवी चिठ्ठी लावली. स्वतःच्या हातानं, पट्टी ठेवून, मराठीत: 'एका मिलीमीटरमध्ये सहाशे रेघा. आधीची चिठ्ठी चुकीची होती. ती मी लावली होती. दयाराम, परिचर.' सर म्हणाले, शेवटची दोन वाक्यं कशाला? काका म्हणाले, "जुन्या पोरांपैकी कोनी आलं त त्याले कळलं पाह्यजे का डोळा त्याचा चुकला नव्हता." त्यांचं खरं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं. सरंजामी वृत्तीवर त्यांना भाषण देणाऱ्या मलाही ते तीन वर्षांत विचारायचं सुचलं नव्हतं.

निरोपाच्या समारंभात त्यांना बोलायला उभं केलं तर ते म्हणाले, "नळी अर्ध्या मिनिटाच्या वर लावू नोका," आणि बसले.

मी आता लिहिते. पत्रकंही लिहिते, तो रक्तातला आजार आहे. पण छापायला देण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचते. 'शेकडो' असं लिहिलं की हात थांबतो आणि मी फोन करून विचारते, नेमके किती?

परवा काकांकडे गेले होते, पुनर्वसनाच्या गावात. सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि अंगणात काका जाळ्याची भोकं सांधत बसलेले. वैशाली आता त्याच कॉलेजात तासिकांवर शिकवते. या वर्षीच्या मुलांची हायड्रोजनची उत्तरं तिनं मला मोबाईलवर पाठवली होती, ती दाखवायलाच मी गेले होते. काकांचा चष्मा घरात होता. म्हणाले, "तूच वाच. लाल किती आली?"

मी वाचलं. "सहाशे पंचावन्न. सहाशे अठ्ठावन्न. सहाशे चोपन्न. सहाशे सत्तावन्न. सहाशे एकोणसाठ."

काकांचे हात जाळ्यावर थांबले.

"सगळ्याईची येगयेगळी?"

"सगळ्यांची."

ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

"पुन्हा वाच, ठिणगे," ते म्हणाले. "सावकाश वाच."